विश्लेषण : डोंगर-खाडी सांभाळण्याची पदवी आपल्या कॉलेजांत का नाही?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत इंजिनीअरिंग, फार्मसी, बीएमएसच्या अर्जांची धांदल सुरू होते. त्याच आठवड्यांत पहिला पाऊस पडतो आणि कर्नाळा, प्रबळगड, खारघरच्या धबधब्यांकडे गाड्यांची रांग लागते. रांगेतल्या माणसांना सुखरूप नेणे-आणणे, त्यांच्या पायाखालची वाट टिकवणे, किती जणांना सोडायचे आणि कधी थांबवायचे हे ठरवणे, हा अमेरिका, न्यूझीलंडसारख्या देशांत तीन-चार वर्षांच्या पदवीचा विषय आहे. ‘आउटडोअर रिक्रिएशन मॅनेजमेंट’ हे त्याचे नाव. शब्दशः मराठी केले तर ‘बाह्य मनोरंजन व्यवस्थापन’ होते आणि ते ऐकून आधी मंडपवाला आठवतो. उलव्यातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला हेच शिकायचे असेल, तर आज काय उपलब्ध आहे आणि काय नाही, याचा हा आढावा.

उलव्याचा या विषयाशी काय संबंध?

पनवेल तालुक्यातला हा सिडकोचा नोड. नोव्हेंबर २०१८ मध्ये लोकल खारकोपरपर्यंत आली. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतचा मार्ग आणि अटल सेतू यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. २१.८ किलोमीटरच्या या पुलाचा सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावरून जातो आणि मुंबईहून येताना त्याची एक उतरण उलव्यात आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून शेजारच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. या विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंग लावून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाहही वळवला गेला.

गावाची टेकडी गेली, पण गाव सह्याद्रीच्या दारात येऊन बसले. कर्नाळा अभयारण्य, प्रबळगड-कलावंतीण, इर्शाळगड, माथेरान हे सारे पनवेल, खालापूर आणि कर्जत तालुक्यांच्या पट्ट्यात. दुसऱ्या बाजूला खाडी, खारफुटी आणि पलीकडे घारापुरी. दक्षिण मुंबईतून इथे पोहोचायला पूर्वी अर्धी सकाळ जायची, आता पुलावरून फार वेळ लागत नाही. म्हणजे गर्दी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

नोकरीच्या बाजूनेही हा प्रश्न इथे टोकदार आहे. विमानतळामुळे ग्राउंड स्टाफ, सुरक्षा, कार्गो या नोकऱ्यांची चर्चा परिसरातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर होते, त्यांचे क्लासेसही निघाले आहेत. प्रकल्पात जमिनी गेलेल्या गावांतल्या ज्या मुलांना डोंगराच्या वाटा आणि खाडीची भरती-ओहोटी लहानपणापासून ठाऊक आहे, त्यांच्या या माहितीला मात्र कुठल्याही प्रमाणपत्राचा कागद जोडता येत नाही.

परदेशात या विषयात नेमके काय शिकवतात?

बहुतेकांचा पहिला समज असा, की दोर बांधणे, तंबू ठोकणे आणि कयाक चालवणे शिकवत असतील. ते शिकवतातच, पण अभ्यासक्रमाचा तो छोटा भाग. अमेरिकेत उद्याने, मनोरंजन आणि पर्यटन असे एकत्रित विभाग अनेक विद्यापीठांत आहेत. तिथे कायदा आणि दायित्व, अंदाजपत्रक, विमा, गट हाताळण्याचे मानसशास्त्र, जागेचे नियोजन, दुर्गम भागातले प्रथमोपचार हे विषय असतात आणि एखाद्या उद्यानात किंवा संस्थेत राहून केलेली दीर्घ इंटर्नशिप असते.

परंपरा तशी फार जुनी नाही. कर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाच्या कल्पनेतून १९४१ मध्ये वेल्समधल्या ॲबरडोव्ही येथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा सुरू झाली. युद्धकाळात व्यापारी जहाजांवरच्या तरुण खलाशांना तग धरायला शिकवणे हा तिचा एक हेतू होता. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात ‘नोल्स’ ही संस्था निघाली. तिथे प्रश्न बदलला. स्वतः तग धरणे वेगळे आणि दहा जणांना घेऊन जाऊन दहाही परत आणणे वेगळे. हे दुसरे कौशल्य, म्हणजे नेतृत्व, शिकवता येते हे या संस्थेने दाखवले.

तिसरा धागा वनखात्यांकडून आला आणि तोच सर्वात रंजक आहे. ‘धारणक्षमता’ हा शब्द आपण आता पर्यटनस्थळांच्या संदर्भात सर्रास वापरतो. तो मुळात कुरणाचा हिशेब होता : एका माळावर किती गुरे चरली तर गवत पुन्हा उगवेल? १९६० च्या दशकात अमेरिकी अभ्यासकांनी तो माणसांना लावून पाहिला आणि लवकरच अडकले. गुरे गवत खातात. माणसे तुडवतात, ओरडतात, फोटो काढतात, कचरा टाकतात आणि एकमेकांच्या गर्दीला कंटाळतात. एकच जादूचा आकडा निघेना. मग १९८५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेतल्या संशोधकांनी प्रश्नच उलटा केला. ‘किती माणसे चालतील’ हे न विचारता ‘या जागेत किती बदल आपण खपवून घेणार’ हे आधी ठरवा, तो बदल मोजत राहा आणि मर्यादा ओलांडली की उपाय करा.

याच अभ्यासातून निघालेला एक निष्कर्ष आपल्या सगळ्या ट्रेक ग्रुपनी भिंतीवर लावावा असा आहे. एखाद्या अस्पर्श जागी मोजकी माणसे वावरली तरी तिथल्या झाडोऱ्याचे बहुतेक नुकसान होऊन जाते. त्यानंतर वर्दळ दुप्पट झाली म्हणून नुकसान दुप्पट होत नाही. याचा अर्थ गर्दीच्या वाटेवर माणसे निम्मी केली तरी फारसा फरक पडत नाही. तिथे एकच पक्की वाट बांधून सगळ्यांना तिच्यावर ठेवणे उपयोगाचे. उलट, कुणी रील टाकून प्रसिद्ध केलेल्या ‘अज्ञात’ धबधब्यावर पहिल्या दोन शनिवारी गेलेली पन्नास माणसे कर्नाळ्याच्या वर्षभराच्या गर्दीपेक्षा जास्त घाव घालू शकतात.

राहिला जोखमीचा भाग. इंजिनीअरिंगला आम्हाला ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ पहिल्याच वर्षात घोकायला लावला होता, त्यामुळे हा भाग वाचताना घरी आल्यासारखे वाटते. गिर्यारोहणातल्या कॅराबिनरवर साधारण २० किलोन्यूटनच्या वरचा आकडा कोरलेला असतो, म्हणजे दोन टनांहून जास्त भार. चढणारा माणूस ७०-८० किलोचा. प्रमाणित साहित्य सहसा तुटत नाही. चुकते ते अँकर कुठे घेतला, दोर कड्याच्या धारेवर घासतो आहे का आणि पाऊस वाढला तर किती वाजता मागे फिरायचे, हे ठरवताना. परतीची वेळ निघण्याआधी ठरवायची आणि शिखर शंभर मीटरवर असले तरी ती पाळायची, हे शिकवायला वर्गही लागतो आणि डोंगरही.

आपल्याकडे अशी पदवी आहे का?

या नावाने आणि या व्याप्तीने सहज उपलब्ध असा पर्याय नाही. जे आहे ते तुकड्यांत आहे आणि त्यातले काही तुकडे उत्तम आहेत.

सर्वात मजबूत तुकडा गिर्यारोहणाचा. एव्हरेस्टच्या यशानंतर १९५४ मध्ये दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेनझिंग नोर्गे तिथले प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले संचालक झाले. पुढे १९६५ मध्ये उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनीअरिंग, तसेच मनाली, पहलगाम आणि अरुणाचलातल्या दिरांगच्या संस्था आल्या. बेसिक अभ्यासक्रम साधारण चार आठवड्यांचा. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तरच ॲडव्हान्सला प्रवेश, त्यानंतर प्रशिक्षक होण्यासाठी ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ आणि शोध व बचाव असे टप्पे. शुल्क सरकारी असल्याने खासगी पर्यायांच्या तुलनेत परवडते. हे प्रशिक्षण म्हणजे सहल नव्हे, याची जाणीव ४ ऑक्टोबर २०२२ च्या घटनेने दिली. उत्तराखंडातल्या ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर हिमस्खलन होऊन उत्तरकाशीच्या संस्थेच्या ॲडव्हान्स तुकडीतले २७ जण मृत्युमुखी पडले, दोघे सापडलेच नाहीत.

पाण्याच्या बाजूला गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. ती आता केंद्राच्या भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेचा भाग आहे. जीवरक्षक आणि पॉवरबोट चालकांचे छोटे अभ्यासक्रम तिथे होतात. मूळ संस्था ग्वाल्हेरची, १९८३ सालची. तिचे बीबीए आणि एमबीए पर्यटनातले आहे; आपल्या विषयाच्या सर्वात जवळ जाणारी नियमित पदवी हीच म्हणावी लागेल. सिंधुदुर्गात तारकर्लीला एमटीडीसीचे स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण केंद्र आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्राचा खरा भार विद्यापीठांनी नाही, क्लबांनी उचलला. १९५४ पासूनचे मुंबईचे ‘गिरिविहार’, मुलुंडचे ‘चक्रम हायकर्स’, पुण्याची ‘गिरिप्रेमी’ अशा संस्थांनी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी पिढ्या घडवल्या. मुंब्रा आणि कान्हेरीच्या कातळांवर कित्येकांनी पहिला दोर बांधला. नवी मुंबईकरांना कदाचित आठवत नसेल, पण २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंग प्रकाराच्या विश्वचषक मालिकेतली स्पर्धा नवी मुंबईत झाली, तीही ‘गिरिविहार’च्या पुढाकाराने. विद्यापीठाशी सांधा जोडणारे उदाहरण पुण्यात आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने ‘गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनीअरिंग’च्या साथीने गिर्यारोहणाचा पदविका अभ्यासक्रम आणला.

उलवे रायगड जिल्ह्यात, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येते. इथल्या विद्यार्थ्यासाठी जवळचा मार्ग पर्यटन किंवा भूगोलाची पदवी हाच. पर्यटनाच्या वर्गात तिकीट आरक्षण, हॉटेल, सहलींचे पॅकेज हे भरपूर असते. सुळका, नदी आणि जंगल फार थोडे. हिमालयातल्या संस्थेत सुळका आणि बर्फ भरपूर; गर्दी, कायदा आणि अंदाजपत्रक जवळजवळ नाही. दोन्ही अर्धुके आपापल्या जागी ठीक आहेत. त्यांची गाठ घालून देणारा वर्ग कुठे नाही.

या रिकाम्या जागेची किंमत काय?

बंदी ही ती किंमत. खारघरचा पांडवकडा हे घरचेच उदाहरण. धबधबा सुमारे १०७ मीटर उंचीचा. दर पावसाळ्यात तिथे प्रवेशबंदीचा फलक लागतो, पोलीस उभे राहतात, तरुण मागच्या वाटेने जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये चार कॉलेज विद्यार्थिनी तिथे वाहून गेल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण गेले आणि पाठोपाठ पुणे जिल्हा प्रशासनाने अनेक ठिकाणी मनाई आदेश काढले. आता हा वार्षिक रिवाज झाला आहे : दुर्घटना, आदेश, दंड, पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

बंदी घालणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या हाताखाली दुसरे काय करता येते हे शिकलेला माणूसच नसेल, तर तो तरी काय करणार? धबधब्याच्या वरच्या पाणलोटात पाऊस किती झाला, पाणी खाली यायला किती वेळ लागतो, कुठल्या दगडापलीकडे जाऊ द्यायचे नाही, एका वेळी किती जण, जीवरक्षक कुठे उभा करायचा, हे सगळे ठरवता येण्यासारखे आहे. काही ठिकाणी उत्तर ‘पावसाळ्यात पूर्ण बंद’ असेच येईल. मात्र ते अभ्यासातून आलेले असेल आणि दोन किलोमीटरवर दुसरी सुरक्षित जागा खुली ठेवता येईल.

महाराष्ट्रात हे कुणी केलेच नाही असे नाही. साताऱ्याचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आले आणि फुलांपेक्षा माणसे जास्त अशी स्थिती झाली. वनविभाग आणि स्थानिक गावांच्या समित्यांनी प्रवेशशुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आणली. पठाराला कुंपणही घातले. पुढे चराई थांबल्याने आणि जनावरांची ये-जा तुटल्याने फुले घटल्याची तक्रार झाली आणि कुंपण काढण्यात आले. गुरांच्या हिशेबातून जन्मलेली कल्पना पुन्हा गुरांपाशीच येऊन पोहोचली! निर्णय घ्यायचा, परिणाम पाहायचा आणि चुकला तर बदलायचा, हेच तर त्या १९८५ च्या पद्धतीत सांगितले होते. ठाणे खाडीत ऐरोलीच्या केंद्रातून होणारी फ्लेमिंगो दर्शनाची बोटफेरी हे जवळचे दुसरे उदाहरण. ठरलेली बोट, भरती पाहून ठरलेली वेळ.

प्रशिक्षित माणसे हाताशी असण्याचा अर्थ काय, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरने पाहिले. इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नाही, भर पावसात चढून जायचे, यंत्रे वर नेता येत नव्हती. एनडीआरएफच्या बरोबरीने खोपोलीच्या ‘यशवंती हायकर्स’सारख्या संस्थांचे कार्यकर्ते त्या वाटेवर होते, कारण वाट त्यांच्या पायाखालची होती. २७ मृतदेह मिळाले, चौथ्या दिवशी शोध थांबवला गेला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’ही दरीत पडलेल्या माणसाला वर काढायला असेच वर्षानुवर्षे धावत आले आहेत. ही सगळी मंडळी स्वयंसेवक आहेत. पोटापाण्याचा धंदा त्यांचा वेगळा.

सरकारी नियम काय सांगतात?

राज्यात साहसी उपक्रमांच्या सुरक्षेसाठी २०१८ मध्ये शासन निर्णय निघाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पर्यटन विभागाने साहसी पर्यटन धोरण आणले. जमीन, हवा आणि पाणी अशा तिन्ही प्रकारचे उपक्रम घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे आधी तात्पुरती आणि मग अंतिम नोंदणी करावी लागते. प्रशिक्षित मनुष्यबळ, प्रथमोपचार, विमा, आपत्कालीन योजना यांची अपेक्षा त्यात आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचीही २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. कागद बरा आहे. अडचण अशी, की नियम ‘प्रशिक्षित’ माणूस मागतो आणि त्याला तयार करणारी यंत्रणा वर सांगितल्याप्रमाणे तुकड्या-तुकड्यांत आहे. दरम्यान इन्स्टाग्रामवर पाचशे-सातशे रुपयांत ‘कलावंतीण नाइट ट्रेक’ विकणाऱ्याकडे पोस्टर असते. बाकी काय असते हे वर चढल्यावर कळते.

नोकरी मिळते का?

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे, म्हणून गुळगुळीत उत्तर देत नाही. काम आहे, पण ते हंगामी आणि बरेचसे दिवसाच्या मानधनावर आहे. पावसाळ्यात ट्रेक आणि कोलाडचे राफ्टिंग, हिवाळ्यात शाळांची शिबिरे आणि कामशेतचे पॅराग्लायडिंग, उन्हाळ्यात हिमालय. कंपन्यांची आउटबाउंड प्रशिक्षणे वर्षभर थोडी थोडी चालतात. पूर्णवेळ पगारी जागा शिबिर चालवणाऱ्या संस्था, मोठे रिसॉर्ट, क्लायम्बिंग वॉल, टूर कंपन्यांचे नियोजन विभाग इथे निघतात आणि त्या संख्येने कमी आहेत. वनविभागाच्या निसर्ग पर्यटन केंद्रांत या शिक्षणाची खरी गरज आहे, पण पदाच्या जाहिरातीत अशी पात्रता सहसा लिहिलेली नसते. पदवी नाही म्हणून पद नाही, पद नाही म्हणून पदवी नाही, असे हे वर्तुळ आहे आणि ते तोडायचे तर सुरुवात सरकारी पदापासून होणे सोपे, असे प्रस्तुत वार्ताहराचे मत.

त्यामुळेच बहुतेक ट्रेक लीडर सोमवार ते शुक्रवार लॅपटॉपसमोर असतात. आमच्या इंजिनीअरिंगच्या वर्गातलेही दोघे-तिघे त्यात आहेत.

मग उलव्यातल्या विद्यार्थ्याने काय करावे?

पदवी सोडू नये. भूगोल, पर्यटन, पर्यावरणशास्त्र किंवा वाणिज्य, काहीही चालेल. व्यवस्थापनाची बाजू तिथून येते. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबाहेरचे श्रेयांक आणि इंटर्नशिप घेता येतात, त्या जागी पर्यटन किंवा पर्यावरणाचा विषय आणि नोंदणीकृत साहसी संस्थेतली इंटर्नशिप बसवता येते का, हे प्राचार्यांना विचारावे. पहिल्या वर्षीच एखाद्या जुन्या क्लबचा प्रस्तरारोहणाचा प्राथमिक वर्ग करावा. पोहायला यावे, खाडीकाठच्या मुलाला हे सांगावे लागू नये, पण टॉवरमध्ये वाढलेल्यांना सांगावे लागते. प्रथमोपचाराचा प्रमाणपत्र वर्ग करावा आणि मुदत संपली की पुन्हा करावा.

हिमालयातल्या संस्थांचा बेसिक दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात व्हावा असे वाटत असेल तर अर्ज आधीच्या वर्षी भरावा लागतो. उत्तरकाशीच्या तुकड्या कित्येक महिने आधी भरतात आणि वैद्यकीय प्रमाणपत्रात त्रुटी असेल तर तिथूनही परत पाठवतात. पुण्याच्या पदविकेला यंदा प्रवेश आहेत का, शुल्क किती, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहून मगच पैसे भरावेत. इंटर्नशिपला बोलावणाऱ्या संस्थेला तीन गोष्टी विचाराव्यात : पर्यटन संचालनालयाचा नोंदणी क्रमांक, सहभागींच्या विम्याची पॉलिसी आणि गेल्या मोहिमेची लेखी आपत्कालीन योजना. तिसरी गोष्ट दाखवायला फाइल उघडावी लागली तर उत्तम. ‘आपला माणूस असतो ना तिथे’ असे उत्तर आले तर दुसरी संस्था शोधावी.